दोन्ही बाजूंची वीज

सहादू भिंगारदिवे श्रीगोंदा तालुक्यातल्या ढवळवाडीच्या वीज उपकेंद्रावर लाईनमन होता. नोकरीला लागून बावीस वर्षं होत आली होती. बापानं छप्पन सालच्या धर्मांतरानंतर गावकीची कामं टाकून दिली आणि खडी फोडायला सुरुवात केली. त्या खडीच्या मजुरीवरच सहादूचा नगरच्या आयटीआयमधला वायरमनचा कोर्स झाला. म्हणून असेल, पण अंगावरची खाकी आणि कमरेचा पट्टा या दोन गोष्टी तो फार जपायचा. ड्यूटीवर निघताना शर्टाची इस्त्री मोडलेली त्याला खपत नसे. बायको चांगुणाबाई म्हणायची की हे खांबावर चढायला चाललेत का सोयरीक जमवायला, तेच कळत नाही.

उपकेंद्रावर त्याच्या जोडीला मच्छिंद्र होता. गावातल्याच शेतकरी घरातला, सहादूपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. दोघांनी पंधरा वर्षं एकत्र काम केलं होतं. खांबावर मच्छिंद्र आणि खाली सहादू, अशी जोडी. सुरुवातीला मच्छिंद्रच्या घरी सहादूला पाणी ओसरीवरच मिळायचं. मग कधी तरी, कुणी काही न बोलता, मच्छिंद्रच्या बायकोनं, रतनबाईनं, त्याचं ताट आत मांडलं आणि तेव्हापासून ते आतच मांडलं जाऊ लागलं. मच्छिंद्र त्याला सहादूभाऊ म्हणायचा आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

इतकी वर्षं सहादूला वीज एकाच बाजूनं येताना माहीत होती. लांब मुलखात कुठं तरी कोळसा जळायचा, मोठ्या मनोऱ्यांवरून वीज यायची, उपकेंद्रात उतरायची आणि तिथून लहान लाईनींनी वाड्यावस्त्यांवर जायची. यातली एक लाईन साखर कारखान्याकडे जात होती. कारखाना म्हणजे त्या लाईनीचं शेवटचं टोक. उपकेंद्रातला स्विच पाडला की पुढची तार मेली, मग तिच्यावर कपडे वाळत घाला. हे गणित डोक्यात नव्हतं, हातात मुरलेलं होतं.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर हे गणित बदललं. कारखान्यानं नवा बॉयलर आणि नवं टर्बाइन बसवलं. उसाचा रस काढून उरलेला चोथा, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, तो जाळून वाफ करायची. त्याच वाफेवर टर्बाइन फिरवायचं, त्याच वाफेनं रस उकळायचा, आणि कारखान्याची गरज भागून उरलेली वीज त्याच जुन्या लाईनीवरून उलटी उपकेंद्रात पाठवायची. अशी योजना होती.

उपकेंद्राच्या कनिष्ठ अभियंता विजयमाला खराडे यांनी सगळ्यांना बोलावून हे समजावून सांगितलं. बाई वयानं तिशीच्या आतल्या, पण कामाला चोख. फळ्यावर त्यांनी लाईन काढली आणि दोन्ही टोकांना बाण दाखवले. गाळपाच्या हंगामात, म्हणजे शेतीपंपांची ओढ असते नेमक्या त्याच महिन्यांत, कारखाना वीज देणार. जेवढी वीज इथून मिळेल तेवढा कोळसा तिकडं कमी जळेल, तेवढा धूर हवेत कमी जाईल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी परिपत्रक वाचून दाखवलं. इथून पुढं या लाईनीवर काम करताना कारखान्याचीही लेखी परवानगी घ्यायची आणि कामाच्या जागी दोन्ही बाजूंच्या तारा रॉड लावून जमिनीला जोडायच्या, म्हणजे चुकून कुठूनही वीज आली तरी ती माणसातून न जाता जमिनीत जाईल.

सहादूला ती योजना मनापासून पटली होती. त्याची धाकटी बहीण पुष्पावती मराठवाड्यात कोळशाच्या वीज केंद्राजवळच्या गावात दिली होती. तिच्याकडे गेलं की अंगणातल्या बाजेवर राखेचा थर दिसायचा. ती भाकरीचं पीठ झाकून ठेवायची, पाण्याच्या हंड्यावर दुहेरी फडकं बांधायची आणि बोलता बोलता खोकायची. ज्वारीच्या पानावरून बोट फिरवलं की बोट करडं व्हायचं. आपण खांबाखांबावरून पोचवतो ती वीज बहिणीच्या अंगणातून अशी निघते, हे सहादूला टोचत असे. चोथा जाळून वीज होणार हे ऐकल्यावर त्यानं तिला पत्रच घातलं. तिचं उत्तर आलं, की बरं झालं, पण इथं अजून तरी काही फरक नाही.

लाईन सुरू झाली. दोन अडीच महिने सुरळीत चालली. पंपांना विजेचा दाब चांगला मिळू लागला म्हणून शेतकरी खूश होते आणि पारावर बसून सहादू लोकांना सांगायचा की ही आपल्याच उसाची वीज आहे.

शहाण्णवच्या जानेवारीत, संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, कारखान्याच्या लाईनीवर एक जंपर जळाला. जंपर म्हणजे खांबावर दोन्ही बाजूंच्या तारा जिथं येऊन संपतात, तिथं त्यांना जोडणारा तारेचा आखूड वळसा. तो निघाला की एकाच लाईनीच्या दोन वेगळ्या लाईनी होतात. एक उपकेंद्राची, एक कारखान्याची.

सहादूनं उपकेंद्रातला स्विच पाडून घेतला. ऑपरेटरनं त्याच्यासमोर कारखान्याला फोन लावला. तिकडून विद्युत विभागाचे फोरमन गहिनीनाथ यांनी सांगितलं की आमच्या बाजूचा मोठा स्विच, ब्रेकर, तोही पाडलाय, करा काम. लेखी परवानगी आणायची तर कारखान्यापर्यंत जाऊन येण्यात तास मोडणार होता. गहिनीनाथ ओळखीचा, शब्दाचा माणूस. सहादूनं फोनवर भागवलं आणि दोघं राजदूत मोटारसायकलवरून खांबाकडे निघाले.

तीनच्या सुमारास ते पोचले. बाजूच्या शेतात गव्हाला पाणी देणारे लोक वीज कधी येणार म्हणून बांधावर येऊन उभे राहिले होते. मच्छिंद्रनं उपकेंद्राकडच्या तारांना रॉड लावला. दुसरा रॉड गाडीला बांधलेला होता. तो सोडायला मच्छिंद्र वळला आणि त्यानं विचारलं, "दुसरीकडं बी टाकू ना?"

सहादूनं घड्याळ बघितलं. बांधावरच्या लोकांकडे बघितलं. आणि म्हणाला, "राहू दे. तिकडून काय येतंय?"

एवढंच. मच्छिंद्र चढला.

काम अर्ध्यावर आलं होतं. चारला कारखान्यात पाळी बदलली. गहिनीनाथनं ब्रेकर पाडल्याचं वहीत लिहिलं नव्हतं. लिहितो लिहितो म्हणत तो दुसऱ्या कामाला गेला आणि तसाच घरी निघाला. नव्या पाळीच्या ऑपरेटरला ब्रेकर पडलेला दिसला. त्याला वाटलं, लाईन मघाशी गेली असेल, आता आली असेल. त्यानं ब्रेकर चढवला.

सहादूनं आवाज ऐकला. उसाचं कांडं मोडावं तसा. वर बघितलं तर मच्छिंद्र पट्ट्याला लोंबकळत होता आणि त्याच्या उजव्या हातातून धूर येत होता. ब्रेकर लगेच पुन्हा पडला होता, पण ते खाली उभ्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. सहादूनं गाडीचा रॉड ओढून काढला, कारखान्याकडच्या तारांवर टाकला, आणि मग चढला. बांधावरची माणसं धावली. दोरानं त्याला खाली घेतलं, तेव्हा मच्छिंद्रचा श्वास चालू होता. कुणाच्या तरी जीपमधून त्याला आधी श्रीगोंद्याला आणि तिथून नगरला नेलं. सगळ्या वाटेत सहादू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी उजवा हात कोपराखाली काढला.

कारखान्याकडून वीज घेणं त्याच दिवशी बंद झालं होतं. ब्रेकर कुणी चढवला हे तिकडं कुणी कबूल करेना, आणि बाहेर एवढंच पसरलं की कारखान्याची वीज अचानक आली आणि माणूस जळाला. पारावरची भाषा बदलली. नको ती उलटी वीज, कोळशाची काय वाईट होती, असं लोक म्हणू लागले. कारखान्यात उरलेला बगॅस गंजी लावून उघड्यावर पडला. विजयमाला मॅडम दोनदा नगरला जाऊन आल्या. विद्युत निरीक्षक चौकशीला येणार होते आणि त्यांच्या अहवालावर योजना राहणार की जाणार हे ठरणार होतं. रिवाजाप्रमाणे सहादूला चौकशी होईपर्यंत निलंबित केलं होतं. खाकी खुंटीला लागली.

घरात बसून माणसाचं काय होतं ते चांगुणाबाईनं त्या दिवसांत पाहिलं. सहादू जेवायला बसायचा आणि भाकरी तशीच हातात धरून राहायचा. तिला वाटायचं, जोडीदाराचं दुःख आहे. दुसऱ्या रॉडचं तिला माहीत नव्हतं. ते फक्त दोघांना माहीत होतं.

चौकशीच्या आधी दोन दिवस गहिनीनाथ घरी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. चहा न घेताच त्यानं वहीचं सांगितलं. पुसटशी आशा घेऊन आला होता तो. त्याचं म्हणणं असं होतं, की ब्रेकर आपोआप चढला, यंत्रात बिघाड होता, असं आपण दोघांनी सांगावं. नव्या पाळीचा ऑपरेटरही तयार होता. म्हणजे कुणाच्याच पोटावर पाय येणार नाही.

"आन तुमी दोनी रॉड टाकले हुते म्हना," गहिनीनाथ जाताना म्हणाला. सहादूनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्याला कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही. दुसरा रॉड असता तर हात गेला नसता, हे विजेतल्या कुठल्याही माणसाला समजण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सहादू नगरला दवाखान्यात गेला. रतनबाई उशाशी बसून संत्र्याची एकेक फोड नवऱ्याच्या तोंडात घालत होती. ती औषध आणायला खाली गेली तसं मच्छिंद्र हळूच म्हणाला, "म्या हिला काय बोललो न्हाई. तुमी बी बोलू नका. दुसरा रॉड व्हता म्हनून सांगा."

 सहादूनं पांघरूण सारखं केलं. त्यातून मच्छिंद्रनं काय समजायचं ते समजून घेतलं.

परतीच्या एसटीत सहादूच्या डोक्यात एकच विचार घुमत राहिला. आपण खोटं बोललो तर वाचतो. गहिनीनाथ वाचतो. मच्छिंद्रचीही तीच इच्छा आहे. पण मग कागदावर काय राहील? वही होती, रॉड होते, माणसं शहाणी होती, तरी वीज आपोआप आली आणि हात घेऊन गेली. असल्या विजेला कोण परत लाईनीवर घेईल? आणि घेतलीच, तर पुढच्या माणसाला कोण सांगेल की तो दुसरा रॉड कशासाठी असतो? घरी आल्यावर त्यानं चांगुणाबाईला सगळं सांगितलं.  मग तिनं विचारलं, "रतनबाईला कळंल तवा?"

"कळंल," सहादू म्हणाला.

चौकशी उपकेंद्रातच झाली. टेबलाच्या एका बाजूला निरीक्षक आणि त्यांचा कारकून, भिंतीशी विजयमाला मॅडम, दाराशी वीज कामगार संघटनेचे सेक्रेटरी. सेक्रेटरींनी सहादूला आत जाताना बजावलं होतं की विचारलं तेवढंच बोला. निरीक्षकांनी विचारलं, की कामाच्या जागी दोन्ही बाजूंना अर्थिंग केलं होतं का.

"न्हाई साहेब. एकाच बाजूला केलं हुतं. मच्छिंद्र दुसरा रॉड टाकाय निघाला हुता. म्या त्याला राहू दे म्हनलं."

सेक्रेटरी दारातून बाहेर निघून गेले. निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, की का म्हणालात. सहादूनं सांगितलं, की बावीस वर्षांत तिकडून कधी काही आलं नव्हतं. परिपत्रक ऐकलं होतं, पण हाताला अजून कळलं नव्हतं. मग न विचारताच त्यानं पुढचंही सांगितलं. फोनवरच्या शब्दावर काम करणं चूक होतं. ब्रेकर खोलीत असतो, खांबावरच्या माणसाला तो दिसत नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर खांबावर डोळ्यांना दिसेल असा एक स्विच पाहिजे, त्याला कुलूप पाहिजे, आणि काम चालू असेपर्यंत त्या कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात पाहिजे.

"येवढं केलं तर लाईन चालवा साहेब. बंद नका करू," तो म्हणाला. "वीज चांगली हाय. आमी चुकलो."

त्याच्यानंतर गहिनीनाथला बोलावलं. सहादूचा जबाब झाल्यावर त्याला बिघाडाची गोष्ट सांगता आली नाही. त्यानं वहीचं कबूल केलं आणि बाहेर येऊन सहादूकडे न बघता सायकल काढली.

गावात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पोचली. काहींनी सहादूला शहाणा म्हटलं, काहींनी दीडशहाणा. एक-दोघं असंही बोलले की ह्यांच्या हातात कामं दिली की हेच होणार. ते कुणाबद्दल आणि कशामुळं बोलत होते ते सहादूला लहानपणापासून ओळखू येत होतं. त्याच्या बापाला गावानं कामचुकार म्हटलं होतं, गावकी सोडली म्हणून. या वेळी मात्र त्या बोलण्याला उत्तर द्यायचा हक्क आपण घालवला, असं सहादूला वाटलं आणि ते त्याला कुठल्याही शिक्षेपेक्षा जड गेलं.

रतनबाई दवाखान्यातून आली तेव्हा तिला कळलं. ती भांडायला आली नाही. चांगुणाबाईकडची दोन पातेली तिच्याकडे होती, ती तिनं शेजारणीच्या हातून परत पाठवली. मच्छिंद्र घरी आल्यावरही सहादू त्याच्याकडे गेला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. सहादूची पगारवाढ थांबली आणि बदली शेवगावला झाली. गहिनीनाथला कारखान्यानं कमी केलं. तो पुढं पुण्याकडे गेला असं ऐकलं. मच्छिंद्रला उपकेंद्रात बसून करायचं काम मिळालं, दर तासाला मीटर बघून वहीत आकडे भरायचं. फाटकाबाहेर स्विच बसला, कुलूपही बसलं, आणि नोव्हेंबरात नव्या हंगामाला लाईन पुन्हा सुरू झाली. ही बातमी विजयमाला मॅडमनी पत्रानं कळवली होती. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की आता दुसऱ्या कारखान्यांतले लोक ही पद्धत बघायला येतात. सहादूनं पत्र दोनदा वाचलं आणि ट्रंकेत कपड्यांखाली ठेवून दिलं.

शेवगावात तो मान खाली घालून काम करायचा. नव्या जोडीदारांना त्याचा जाच वाटे. लहानशा कामालाही दोन्हीकडे रॉड, स्वतः हात लावून बघणार, मग माणूस चढवणार. ढवळवाडीला तो गेला नाही. चांगुणाबाई दर महिन्याला म्हणायची, जाऊन या. तो म्हणायचा, सुट्टी नाही. सुट्टी असायची. मच्छिंद्रसमोर उभं राहून काय बोलायचं, हे त्याला सुचत नव्हतं, आणि रतनबाईचं दार डोळ्यांसमोर आलं की पाय घराबाहेर पडत नसे.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी मच्छिंद्रच दारात उभा राहिला. शिंगणापूरला शनीच्या दर्शनाला आलो होतो, तिथून पुढं आलो, म्हणाला. उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिनेनं लावलेली होती. चांगुणाबाईनं घाईघाईनं पिठलं-भाकरी केली. मच्छिंद्र डाव्या हातानं जेवू लागला. भाकरी एका हातानं मोडताना ताट सरकायचं. सहादूनं ताट धरलं. 

जेवण झाल्यावर ओट्यावर बसले, तेव्हा सहादूनं मोठ्या कष्टानं सुरुवात केली, की त्या दिवशी मी रॉड टाकू दिला असता तर. मच्छिंद्रनं त्याला पुढं बोलू दिलं नाही.

"तुमी राहू दे म्हनला, आन म्या ऐकलं. म्या बी परिपत्रक ऐकल्यालं हुतं. त्याचं मला आता काय वाटत न्हाई," तो म्हणाला. "सायबापुढं तुमी खरं बोललात. ते बरं केलं का वाईट, मला अजून कळंना. पन धा महिने झालं सहादूभाऊ, तुमी आला न्हाई. मी उपकेंद्रात बसून वाट बघायचो. हात गेला तवा येवढं एकटं वाटलं न्हवतं."

सहादूनं चेहरा दोन्ही तळहातांत झाकून घेतला. मच्छिंद्र उठला नाही, त्यानं समजूतही घातली नाही. तो रस्त्याकडे बघत बसला. मग त्याला एसटी गाठायची होती, म्हणून सहादू त्याला स्टँडवर सोडायला गेला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

पुढच्या महिन्यात तो ढवळवाडीला गेला. त्याच्या पुढच्या महिन्यातही गेला. पहिल्या खेपेला रतनबाई चुलीपुढून उठली नाही. पाणी मच्छिंद्रनंच आणून दिलं. दुसऱ्या खेपेला मच्छिंद्र ड्यूटीवरून यायचा होता. सहादू ओसरीवरच बसला, आत गेला नाही. रतनबाईनं चहा आणून पुढं ठेवला आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"ह्यांनी मला कदीच सांगितलं नसतं," ती म्हणाली. "तुमी बोलला नसता, तर मी जलमभर कारखान्याला शिव्या देत बसले असते."

खरं कळलं ते बरं झालं म्हणून ती हे सांगत होती की कळलंच नसतं तर बरं असं तिला वाटत होतं, हे तिच्या आवाजावरून सहादूला उमगलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. त्यानं कप उचलला. ती तशीच उभी होती, आणि दोघंही मच्छिंद्रची वाट बघत राहिले.